शनिवारची कणीक

गृहस्थाश्रमातील बहुतेक आपत्ती पूर्वतयारीच्या अभावी ओढवतात, असे बालाघाटच्या एका सरकारी कचेरीतील हेडक्लार्क चिंतामणराव यांचे ठाम मत होते. अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही काम वेळेवर केले नव्हते, पण पूर्वतयारी मात्र प्रत्येकाची चोख ठेवली होती.

१९६४ सालची होळी तोंडावर आली, तेव्हा त्यांच्या पत्नी कालिंदीबाई मॅट्रिकला बाहेरून बसायचे म्हणत होत्या. त्या प्राथमिक शाळेत कच्च्या नोकरीवर शिकवीत. पास झाल्या तर नोकरी पक्की, नापास झाल्या तर घरी. त्यांचे मागणे एवढेच होते.

"सांजच्याले एक घंटा मले मोकळा पाहिजे. बस."

चिंतामणरावांचे मन द्रवले. दुसरा एखादा नवरा असता तर उठून भाजी चिरू लागला असता. त्यांनी योजना आखली.

योजनेनुसार आठवड्याची सगळी भाजी रविवारी चिरायची, मसाला वाटायचा, डाळ भिजवायची आणि शनिवारपर्यंतची कणीक मळून ठेवायची. प्रत्येक डब्यावर वाराची चिठ्ठी, वरून लाल फीत. हे सारे टिकेल कसे, हा प्रश्न त्यांना पडला नाही. कचेरीतल्या त्यांच्या कपाटात फीत बांधलेले एक प्रकरण बारा वर्षे जसेच्या तसे होते. मग कणकेने सहा दिवस का राहू नये?

रविवारी कालिंदीबाईंचे नऊ तास गेले. त्याबदल्यात रोज संध्याकाळी चाळीस मिनिटे वाचू लागली. त्यांपैकी पस्तीस मिनिटे डब्यांची जावक लिहिण्यात जात (लिहायच्या कालिंदीबाईंनीच, कारण डबे त्यांच्या ताब्यात). निव्वळ बचत पाच मिनिटे. तेवढ्यात भूगोलाचे पुस्तक सापडत असे.

मंगळवारी कणीक झाकण उचलून बाहेर आली. चिंतामणरावांनी शेरा मारला, "कणकेत समाधानकारक वाढ." बुधवारी वांगी काळी पडली (रंगाबाबत योजनेत काही म्हटलेले नव्हते). गुरुवारचा डबा बुधवारी उघडता येईना, कारण बुधवार अजून निकाली निघाला नव्हता.

अशात कालिंदीबाईंचे भाऊ टिकाराम किरनापुराहून चिन्नोर तांदळाचे पोते घेऊन आले. पाहुण्याची तरतूद योजनेत नव्हती. ती करून घेण्यासाठी चिंतामणराव टिपण लिहायला बसले. टिकाराम पाटावर तासभर वाट पाहत राहिले.

"भाऊजी," ते शेवटी म्हणाले, "मी जेवाले आलो का तारखेले?"

आणि खिशातले फुटाणे खात ते परतीच्या मोटारीत बसले. तांदूळ शिजवता आला नाही. त्याची आवक झाली होती, पण त्याला वार मिळालेला नव्हता.

शनिवारचा डबा उघडला तेव्हा शेजारच्या अनुसयाबाई उंदीर मेला का म्हणून विचारायला आल्या. कालिंदीबाईंनी त्या कणकेला हात लावायला साफ नकार दिला. तिची एकमेव पोळी चिंतामणरावांनी स्वतः लाटली, भाजली आणि कर्तव्य म्हणून खाल्ली. पुढचे दोन दिवस ते परसाकडे ये-जा करीत होते. माणूस तत्त्वाचा खरा, हे त्यांच्या शत्रूंनाही मान्य करावे लागेल.

तिसऱ्या दिवशी कालिंदीबाईंनी अर्ज दिला. तीन प्रती, डावीकडे समास सोडलेला. "परीक्षेनिमित्त अर्जदारास स्वयंपाकातून रजा मिळावी. बदली व्यवस्था : योजनेचे जनक."

चिंतामणरावांनी दिवसभर त्यात चूक शोधली. तारीख होती, सही होती. संपूर्ण अर्ज नामंजूर केल्याचा डाग त्यांच्या नोकरीवर नव्हता (अपूर्ण मात्र शेकड्यांनी परत पाठवले होते). शेवटी त्यांनी "मंजूर" लिहिले.

"एक घंटा मांगला होता," कालिंदीबाई कागद घडी करत म्हणाल्या. "तवाच देला असता, तं अर्ज नसता लिहा लागला."

कालिंदीबाई दुसऱ्या वर्गात पास झाल्या आणि नोकरी पक्की झाली. रजा अजून चालू आहे. पुन्हा रुजू होण्याचा अर्ज त्यांनी दिलेला नाही, आणि अर्जाशिवाय रुजू करून घेण्याची तरतूद नाही. चिंतामणराव आता रोजची कणीक रोज मळतात. पूर्वतयारीवर ते हल्ली बोलत नाहीत.

आपल्या घरी असा अर्ज आलेला नाही, म्हणून वाचक निश्चिंत असतील. चिंतामणरावांच्याही घरी लग्नानंतर अकरा वर्षे आला नव्हता.