चारवालीचे दसारामकाका

आमचे शेजारी दसारामकाका बायकोला सांगितल्याशिवाय गावाबाहेर पाऊल टाकत नसत. यात नवल काही नाही. नवल हे की त्यांची बायको म्हणजे बांधावरचं चाराचं, म्हणजे चारोळीचं, झाड होतं.

"आमगावच्या बाजारले जाऊन येतो," असं खोडाला सांगून मगच ते बैल जुंपायचे. दिवाळीला खोडाला लुगडं नेसवायचे, तेही रंग निवडून. वैशाखात चारं काळी झाली की कोणाची दगड मारायची टाप नव्हती. "बाईमाणसाले गोटे मारतेस काऊन बे?" म्हणत काका काठी घेऊन धावत. मग गळालेल्या बिया स्वतः फोडून चारोळी घरोघर वाटायचे. "तुह्या काकीनं धाडलं," असं वर सांगायचे.

लग्न मात्र खरंच लागलं होतं. काकांच्या दोन बायका लागोपाठ वारल्या, एक तापानं, दुसरी बाळंतपणात. तिसरी टिकत नाही, म्हणून तिसरं लग्न रुईशी लावायचं, रुई उपटून टाकायची आणि मग चौथी आणायची, अशी आमच्याकडची रीत. कामठ्याची मुलगीही ठरली होती. पण लग्नाच्या सकाळी रुई आणायला गेलेले काका हात हलवत परतले. "रुई नाही भेटली. चाराचं झाड हाये ना!"

जोशीबुवांना पुढच्या गावी जेवणाचं आमंत्रण होतं. त्यांनी झाडाला सूत गुंडाळलं, अक्षता टाकल्या आणि मोकळे झाले.

काकांचा मोठा भाऊ कुऱ्हाड घेऊन आला, तेव्हा ते खोडाला पाठ लावून बसले. "लग्नाची बायको हाये माही. तोडून तर पाहा!"

आता तिसरी जिवंत असताना चौथी आणायची कशी? जोशीबुवांनी पंचांग उलटंपालटं करून पाहिलं, त्यात काही सापडेना. भाऊ वर्षभर बोलला नाही. मुलीच्या बापानं दिवाळीपर्यंत वाट पाहिली आणि मुलगी आमगावात दिली. गाव पोट धरून हसलं. मीही हसलो, खोटं कशाला सांगू?

पुढे बऱ्याच वर्षांनी बिया फोडायला मी त्यांच्याजवळ बसलो होतो. म्हटलं, "काका, गावात पायापायाले रुई हाये. तुमाले कशी नाही भेटली?"

त्यांनी दगड खाली ठेवला. "भेटली होती. पण रुई उपटून कोनाचं मरन टळते, हे मले पटलं नाही. दोघी ह्याच हातात गेल्या. कामठ्याले गेलो, तं थे पोरगी अंगनात सागरगोटे खेळून राहिली होती. तिले मराले कायले आनू?"

काकांनी दगड पुन्हा उचलला.

"आमगावात दिसते का कधी? बरी हाये ना?"

"मागच्या बाजारात भेटली. दोन लेकरं हायेत. जाडी झाली."

"जाडी झाली?" काका एवढे हसले की डोळ्यांना पाणी आलं. धोतराच्या सोग्यानं त्यांनी ते पुसलं, आणि ती जाडी झाली आहे हे मला आणखी दोनदा सांगायला लावलं.