एकशे अठ्ठावन्न ग्रॅम पाणी

कोणताही प्रश्न असो, मी तो एका नियमात सोडवतो. ही बढाई नाही, निव्वळ माहिती आहे. आमच्या घरी टीव्हीच्या रिमोटवरून रोज भांडणं व्हायची. मी नियम केला की ज्याने बॅटऱ्या बदलल्या, रिमोट त्याचा. तेव्हापासून घरात शांतता आहे. टीव्ही बंद आहे, पण शांतता आहे!

त्यामुळे मामांची पाठ धरली तेव्हा मला अजिबात घाम फुटला नाही. नियम करायचा होता, बस.

आमची कंपनी वजनकाटे बनवते. आमच्या शाखेत आम्ही अकरा जण आहोत आणि तक्रार विभाग माझ्याकडे आहे. म्हणजे तक्रार विभाग मीच. लोक फोन करून सांगतात की तुमचा काटा खोटं बोलतो. मी शांतपणे विचारतो, काट्यावर उभं कोण आहे? बहुतेक फोन तिथेच संपतात.

मामा आमचे शिपाई. वय सत्तावन्न, निवृत्तीला सहा महिने. मी नोकरीला लागलो त्याला दोन वर्षं झाली, आणि या दोन वर्षांत मी वेळेवर पोचलो असेन चार वेळा. बाकीच्या दिवशी मामा माझ्या खुर्चीच्या पाठीवर एक जुनं जॅकेट टांगतात, टेबलावर अर्धा प्यालेला चहाचा कप ठेवतात आणि मॅडमनी विचारलं तर सांगतात, आत्ता इथेच होता. आमच्या मॅडम म्हणजे शाखाप्रमुख. त्यांच्या मते मी फार कष्टाळू आहे, फक्त जागेवर सापडत नाही.

तर त्या सोमवारी मी सामानाच्या खोलीत पेन आणायला गेलो आणि पाहतो तर मामा पाण्याच्या जारशेजारी वाकलेले. मला वाटलं काही शोधतायत. मीही वाकून शोधू लागलो. दोन मिनिटांनी ते म्हणाले की शोधत काही नाहीये, सरळ होता येत नाहीये.

डॉक्टरांनी तीन महिने दोन किलोच्या वर काही उचलायला मनाई केली. वीस लिटरचा जार म्हणजे वीस किलो, हे मी वजनकाट्यांच्या कंपनीत आहे म्हणून सांगत नाही. मामांनी ही गोष्ट फक्त मला सांगितली, कारण मी त्यांना वाकलेलं पाहिलंच होतं, लपवून उपयोग नव्हता. दुसऱ्या शाखेतल्या ड्रायव्हरची नजर अधू झाली तेव्हा त्याला आठवड्यात घरी बसवलं होतं. मामांनी त्याच्या निरोपाचा हार स्वतःच्या हातांनी नेऊन दिला होता.

"सहा महिन्यांनी मी आपणहून जाणारच आहे रे," मामा म्हणाले. "तोवर मला कुणी घालवू नये, एवढंच."

मी म्हणालो, "मामा, तुम्ही फक्त टपाल बघा. जारचं मी बघतो."

दुपारपर्यंत मी मॅडम सोडून सगळ्यांना गाठून सांगितलं. कुणाला पटवावं लागलं नाही. विक्री विभागातल्या ताईंचा मुलगा शाळेत पडला तेव्हा त्याला उचलून दवाखान्यात मामांनी नेलं होतं. काटे जुळवणारे आमचे तंत्रज्ञ, ज्यांना सगळे दशांश म्हणतात, त्यांचा चष्मा दिवसातून तीन वेळा मामाच शोधून देतात. आणि दशांश हा माणूस असा आहे की बायकोने मीठ कमी पडलं म्हटलं तर विचारतो, किती? पण मामांचं नाव निघाल्यावर तेही काही न मोजता हो म्हणाले.

नियम सोपा होता. ज्याच्या हातून जार रिकामा होईल, त्याने नवा चढवायचा. एकदा तू, एकदा मी. मॅडम घरून बाटली आणतात, त्यांना पत्ताही लागणार नव्हता.

आता एक कबुली. तोवर पाणी संपतं ही गोष्ट आम्हाला ठाऊकच नव्हती. मशीनची तोटी दाबली की पाणी यायचं, जसा सकाळी सूर्य यायचा. ताई त्या पाण्याने आपल्या टेबलावरच्या रोपाला आंघोळ घालायच्या. दशांश दिवसातून आठ वेळा कोमट पाणी प्यायचे, त्यातलं चार वेळा गार झालं म्हणून ओतून द्यायचे. मी जेवणाचा डबा त्याच पाण्याने विसळायचो, आणि तोही दोनदा, कारण पहिल्यांदा माझं लक्ष फोनकडे असायचं. दिवसाला दोन जार लागायचे आणि मामा ते कधी चढवायचे, आम्हाला आवाजसुद्धा ऐकू यायचा नाही.

नियम लागू झाला आणि तोच जार दोन दिवस पुरला! मी स्वतःवर इतका खूश झालो की आरशात पाहून मान हलवली.

बुधवारी जारमध्ये तळाशी बोटभर पाणी उरलं, आणि ऑफिसात एकालाही तहान लागेना. ताई पेला घेऊन मशीनपर्यंत जायच्या, पाण्याची पातळी बघायच्या आणि रोपाचं एखादं पान पुसून परत यायच्या. दशांश पेल्यात दोन घोट घ्यायचे आणि तोटी अशी सोडायचे, जशी झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून हात काढतात. जेवणानंतर तर वाद पेटला. ताईंचं म्हणणं, जार रिकामा आहे आणि शेवटचा पेला दशांशनी घेतला. दशांशचं म्हणणं, रिकामा म्हणजे काय, हे आधी ठरवा.

आणि इथे आमच्या हातून ती चूक झाली, जी फक्त वजनकाटे बनवणाऱ्यांच्या हातून होऊ शकते. दशांशनी गोदामातून एक मोठा काटा आणला, अख्खं मशीन त्यावर चढवलं, रिकाम्या मशीनचं वजन वजा केलं आणि लाल आकड्यांचा डिस्प्ले सगळ्यांना दिसेल असा भिंतीवर लावला. पुढे चर्चा होऊन ठरलं की दीडशे ग्रॅमच्या खाली गेलं की जार रिकामा. मीच ते फळ्यावर लिहिलं.

त्या क्षणापासून आमचं ऑफिस ऑफिस राहिलं नाही. एक जण तोटीशी, बाकीचे डिस्प्लेकडे टक लावून. दोनशे दहा. एकशे नव्वद. एकशे पंचाहत्तर. शेवटी ताईंनी चहाच्या चमच्यात पाणी घेतलं, आकडा एकशे त्रेसष्टवर थांबला आणि त्यांनी चमचा असा तोंडाला लावला की जणू औषध घेतायत. त्यानंतर दीड दिवस तोटीला कुणी हात लावला नाही.

पाणी कमी नव्हतं, हे लक्षात घ्या. मशीनपासून सहा पावलांवर, सामानाच्या खोलीत, चार भरलेले जार रांगेत उभे होते. आम्ही तहानेने कासावीस होत होतो ते सहा पावलांपायी. भांडण पाण्यावरून नव्हतंच, वाकायचं कुणी यावरून होतं. ज्यांनी एरवी मामांसाठी रात्र जागून काढली असती, ती माणसं एका जारसाठी एकमेकांना पाण्यात पाहत होती. मीही त्यातलाच. मी तर मधल्या वेळेत समोरच्या औषधांच्या दुकानात जाऊन खोकल्याची चौकशी करायचो आणि तिथलं पाणी पिऊन यायचो.

त्यात मॅडम खूश! घसा कोरडा असल्यामुळे मी फोनवर तीन शब्दांच्या वर बोलत नव्हतो, तर त्यांनी मला बोलावून सांगितलं की तक्रारी झटपट निकालात निघतायत. पाणी नाही म्हणून कुणी जागेवरून उठत नव्हतं, तर त्या म्हणाल्या, शाखेला शिस्त लागली. मी मान हलवली. जीभ टाळ्याला चिकटली होती.

शुक्रवारी सकाळी डिस्प्लेवर एकशे अठ्ठावन्न. पाच ग्रॅम गायब! दशांशनी सगळ्यांना गोळा करून संशयाने एकेकाच्या ओठांकडे पाहिलं. मग त्यांच्याच ध्यानात आलं की गरम पाण्याचं बटण चालू आहे आणि पाण्याची वाफ होतेय. असंच आपोआप दीडशेच्या खाली गेलं तर जार चढवायचा कुणी? ताई म्हणाल्या, वाफ दशांशच्या बटणामुळे झाली, म्हणून दशांशनी. दशांश म्हणाले, वाफेत ताईंच्या श्वासाचा काहीच हात नाही हे सिद्ध करा. मी बटण बंद केलं आणि नियमाला दुरुस्ती सुचवायला फळ्याकडे वळलो, तेवढ्यात वजनमापं तपासणारे निरीक्षक वार्षिक तपासणीला आले.

बाहेर ऊन रणरणत होतं. ते खुर्चीत बसले, कपाळ पुसलं आणि जगातली सगळ्यात साधी गोष्ट म्हणाले.

"आधी जरा पाणी द्या."

ताई एकदम कागद चाळू लागल्या. दशांशनी चष्मा काढला, म्हणजे काही दिसायला नको. मी बंद असलेला फोन कानाला लावून म्हणालो, काट्यावर कोण उभं आहे?

मामा मात्र उठले. मामांना आम्ही नियमाचं काही सांगितलं नव्हतं, त्यांना ओशाळं वाटलं असतं. मशीनखालचा काटा चाचणीवर आहे, एवढंच त्यांना माहीत, म्हणून ते दोन दिवस घरची बाटली आणत होते. पण दारी आलेला माणूस पाणी मागतोय म्हटल्यावर चाचणी गेली खड्ड्यात! त्यांनी पेला धरला, तोटी दाबली. एकशे वीस. ऐंशी. तीस. शून्य. पेला पाऊण भरला. मामांनी तो निरीक्षकांना दिला, अजून आणतो म्हणाले आणि एकोणीस वर्षांच्या सवयीने सरळ सामानाच्या खोलीत जाऊन जारचं झाकण उघडलं आणि वाकले.

नऊ खुर्च्या एकदम मागे सरकल्या. जो जार पाच दिवस एकालाही उचलवत नव्हता, त्याच्यावर आम्ही पाच जण एकाच वेळी तुटून पडलो! मी जारची मान धरली, ताईंनी बूड, दशांशनी माझा हात, उरलेल्या दोघांनी दशांशना. पाच दिशांना ओढल्यावर जार सहाव्या दिशेला गेला. वीस लिटर पाणी दार ओलांडून ऑफिसात आलं, टेबलांखालून हिंडलं आणि थेट काट्यात शिरलं. डिस्प्लेवर आधी आठ आठ आठ आठ आलं आणि मग काहीच आलं नाही. निरीक्षकांनी दोन्ही पाय वर घेतले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. त्यांनी विचारलं, हे कुणी केलं?

आम्ही सगळेच मी, मी म्हणालो. दशांश म्हणाले, "मी. साधारण वीस टक्के."

मामा भिंतीला धरून उभे होते. आम्ही डोळ्यांनी त्यांना गप्प राहायला सांगत होतो, पण ते पुढे आले.

"मॅडम, पोरांना बोलू नका," ते म्हणाले. "माझी पाठ गेलीये. जार उचलवत नाही आता. हे सगळे ते लपवत होते."

मॅडम वळल्या आणि कपाटातून मामांची फाइल काढली. मला ड्रायव्हरचा हार दिसू लागला. ताईंनी ओलं रोप छातीशी धरलं. मॅडमनी मामांचं नेमणूकपत्र उभ्याउभ्याच वाचलं, पान उलटलं, पुन्हा वाचलं.

"यात टपाल आहे, फायली आहेत, कुलूप-किल्ली आहे," त्या म्हणाल्या. "पाण्याचा कुठे उल्लेखच नाही. मग तुम्ही इतकी वर्षं जार का उचलत होतात, मामा?"

मामांना या प्रश्नाचाच अचंबा वाटला. ते म्हणाले, नोकरीच्या पहिल्या दिवशी जार रिकामा होता आणि सगळे जण खुर्चीत बसून एकमेकांकडे पाहत होते.

"आणि मला तहान लागली होती," मामा म्हणाले.

एकोणीस वर्षं, दिवसाला दोन जार. दशांशचे ओठ गुणाकार करायला हलले, आणि त्यांनी तो अर्ध्यावर सोडून दिला. मी त्यांना असं करताना पहिल्यांदाच पाहिलं. मॅडमनी मामांना स्वतःच्या केबिनमधली पाठीला टेकू देणारी खुर्ची आणून दिली आणि सांगितलं की सहा महिने टपाल बसूनच बघायचं, आणि घरी जायची भाषा पुन्हा कानावर येता कामा नये. ताई रडल्या. निरीक्षकांनी पाय खाली न घेताच टाळ्या वाजवल्या.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण मॅडमना प्रश्न पडला की मग हे काम आहे तरी कुणाचं. त्यांनी आणखी एक फाइल काढली. तक्रार विभाग, कलम अकरा: कार्यालयातील पिण्याच्या पाण्याची व्यवस्था. खाली माझी सही होती, तीही अगदी झोकदार.

आता रोज दोन जार मी चढवतो. खरं तर एकच लागतो हल्ली, कारण सगळे पेला भरायच्या आधी माझ्याकडे बघतात. मामा नव्या खुर्चीत बसून सांगतात, पाठ नाही, गुडघे वाकव. आणि मी पाणी पिताना मनातल्या मनात त्यांना नमस्कार करतो, दिवसातून निदान सहा वेळा.

परवा राहवेना म्हणून विचारलं की मामा, दोन वर्षं माझं काम तुम्ही केलंत, एकदा तरी बोलायचं होतं. त्यांनी टपालावरून नजर वर केली.

"तू पहिल्या दिवशी जेवणाचा डबा उघडायला माझ्याकडे आणला होतास," ते म्हणाले. "म्हटलं, याच्या हातात वीस किलो कुठे द्यायचे?"

यावर माझ्याकडे एकही नियम नव्हता. डबा मात्र अजून तेच उघडून देतात. तो दोन किलोच्या आत आहे. मी वजन करून पाहिलंय.