वारा बंद ठेवून

शास्त्राला सर्वांत आधी शांतता लागते. अमरावती रस्त्यावरच्या वायुबोगदा संशोधन केंद्राने हे तत्त्व जितक्या निष्ठेने पाळले, तितके इतर कोणी पाळल्याचे ऐकिवात नाही. (ऐकू येण्याजोगे त्या केंद्रात फारसे घडतच नसे.)

१९७८ साली केंद्राने एक गहन विषय हाती घेतला : इंजिन वगळता विमानाचे उरलेले अंग किती आवाज करते? विषय तिथले शास्त्रज्ञ मनोहरराव यांचा. उतरणाऱ्या विमानाचे इंजिन मंद असते, तरी ते डोक्यावरून सूं करत जाते. रामदासपेठेतल्या घराच्या गच्चीवर मनोहरराव मुलीला, सुमतीला, हात धरून थांबवत. "ऐक वं, इंजिन निजलं. आता अंग बोलून राहिलं."

चाके खाली सोडलेले छोटे सागवानी विमान त्यांनी स्वतः कोरले, बोगद्यात बसवले, आणि चाचणीच्या आदल्या आठवड्यात ते गेले.

वेळ वाचवण्यासाठी केंद्राने चाचणी आणि शोकसभा एकत्र ठेवली. सुमती आली. तिला एवढेच हवे होते : बाबांच्या विमानावरून एकदा वारा जावा.

अडचण बोगद्यात वारा सोडणाऱ्या पंख्याची होती. त्याच्या घरघरीपुढे विमानाचा आवाज टिपता येत नसे, शिवाय जेवणानंतर डोळे मिटून चालणाऱ्या चिंतनात व्यत्यय येई. बोगद्याला आतून कापसाचे अस्तर लावावे, हा मनोहररावांचा प्रस्ताव केंद्राने गाद्या विभागाकडे पाठवला होता. (असा विभाग नसल्याने उत्तर अद्याप आलेले नाही.) अखेर समितीने एकमताने पंखाच बंद ठेवला.

दोन मिनिटे सर्वजण स्तब्ध उभे राहिले. तेवढ्यात चाचणी उरकली. आवाज : शून्य.

"काका, वाराच नाही तं आवाज येईन कसा?" सुमतीने विचारले.

संचालक चंपतरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पाह्य बेटा, वाऱ्यानं आवाज येत असन, तं दोष वाऱ्याचा. विमानाले काहून बदनाम करतं? एवढ्या मेहनतीनं बनवलं तुह्या बाबानं."

"एकदा तरी चालू करा नं. बाबा पाच वर्षं हेच मांगून राहिले होते."

"लय बोलत तुहे बाबा. आता शांती भेटली त्यायले."

कसलाही आवाज न करणारे विमान आवाजाच्या अभ्यासाला निरुपयोगी, असा निर्णय झाला, आणि ते सन्मानपूर्वक सुमतीच्या हाती देण्यात आले. हार वेगळा दिला.

घरी जाताना वाडी गाव मागे पडल्यावर रस्ता मोकळा झाला. बसने वेग घेतला. सुमतीने विमान दोन्ही हातांनी खिडकीबाहेर धरले. आधी काहीच नाही. मग चाकांच्या खाचांतून बारीक शीळ निघाली, पंखांखालून सूं सुरू झाले, आणि सगळी बस ऐकू लागली.

"ओ ताई, काय वाजवून राहिल्या?" कंडक्टर ओरडला.

"मी नाही. बाबा," ती म्हणाली.

मग मागच्या सीटवरून कोणीतरी समजूतदारपणे म्हणाले, "खिडकी लावा हो, वारा येऊन राहिला."

त्या बसमध्ये तुम्हीही होता. मागच्या सीटवर.