वर एक, खाली सारा गाव

कचेरीतली बैठक आटोपून आलं की गु पानसूने आधी माइक हातात घ्यायचा आणि मग पायातले बूट काढायचे, हा कामगोल गावाचा पंचवीस वर्षांचा शिरस्ता. माइक गावप्रमुखाच्या घरात आणि कर्णा त्याच्याच छपरावर, त्यामुळे साहेब काय म्हणाले ते गावाला ताबडतोब कळायचं. त्या दिवशी मात्र पानसूने बूट काढले, मोजेही काढले, आणि माइककडे पाठ करून तो बसून राहिला.

"काय हो, आज कर्णा नाही?" सुन्नामने, त्याच्या बायकोने, विचारलं. ती ओट्यावर पर्सिमनची फळं सोलून वाळवायला दोरीला बांधत होती.

"ही गोष्ट कर्ण्यावरनं सांगायची नाही. नव्या सुनेला ऐकू जाईल."

"अगं बाई! काय केलं तिनं?"

"तिनं काय करायचंय? तिला चाळीस वर्षं होतायत."

नवी सून म्हणजे थाओ. सोंगचोलशी लग्न करून ती व्हिएतनामहून आली त्याला सोळा वर्षं झाली होती. ती इथली नागरिक झाली, तिची मुलगी सातवीत गेली, ट्रॅक्टर चालवण्यात आणि बाजारात भाव पाडून घेण्यात तिने नवऱ्याला केव्हाच मागे टाकलं. पण तिच्यानंतर कामगोलमध्ये दुसरी सून आलीच नाही. त्यामुळे नवी म्हणायला गावाजवळ तेवढीच होती.

संध्याकाळी पानसूने घरोघर जाऊन सगळ्यांना गावच्या हॉलमध्ये जमवलं. थाओचं घर तेवढं वगळलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्याने एक आडवी रेघ ओढली.

"हे बघा. वीस ते एकोणचाळीसच्या बाया रेघेच्या वर. पासष्टच्या पुढचे सगळे, बाया-बापे, खाली. वरच्याला खालच्यानं भागायचं. जे उत्तर येईल त्यावरनं कळतं, गाव टिकणार का पुसलं जाणार."

"कोण भागतं?"

"सरकार भागतं."

"मग आपल्याकडं वर कोण?"

"नवी सून."

"आणि?"

"आणि रेघ. रेघेखाली तुम्ही सगळे."

हादोंगकरीण म्हातारी गावात सगळ्यात मोठी. हादोंगहून सून म्हणून आली तेव्हापासून तिला कोणी दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. ती म्हणाली, "म्हणजे एवढ्यांना ती पोर एकटी वरनं तोलून उभी आहे होय? आणि आपण तिच्याकडनं वर कोबीही कापून घेतो!"

"आता ऐका. या महिन्याअखेर ती चाळीस होणार. मग वर शून्य. शून्याला कशानंही भागा, शून्यच. शून्य गावाला बस कशाला सोडतील?"

बसचं नाव निघाल्यावर मात्र माना वर झाल्या. सकाळी एक आणि दुपारी एक, अशा दोनच फेऱ्या. पण डोंगरापलीकडचा बाजार, दवाखाना, गरम पाण्याचं स्नानगृह, हादोंगकरणीच्या गुडघ्यातली इंजेक्शनं, सगळं त्या दोन फेऱ्यांवर चालत होतं. पानसूची स्वतःची गाडी डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मुलाने विकून टाकली होती. बस गेली तर गाव जागच्या जागी बसणार होतं.

"हे बसचं साहेब स्वतः बोलले?" चांगबेने विचारलं. चांगबे तरुण मंडळाचा अध्यक्ष. वय सहासष्ट.

"बोलले की. आधी भागाकाराचं बोलले, मग बसचं."

या दोन्हींच्या मध्ये पानसूला जराशी डुलकी लागली होती. पण ती सांगण्यासारखी बाब त्याला वाटली नाही.

"जन्मताच एक वर्ष धरायच्या जुन्या मोजणीनं ती केव्हाच चाळीस झाली की," सुन्नाम म्हणाली. "मध्ये सरकारनं सगळ्यांची वयं उतरवली म्हणून हे दिवस तरी मिळाले."

"मग अजून एकदा उतरवा म्हणावं! माझीही गुडघ्यापासनं उतरवा," हादोंगकरीण म्हणाली.

पहिला ठराव असा झाला की यंदा थाओचा वाढदिवस होणार नाही. कचेरीत तारीख कोरून ठेवलेली असते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण आपल्या तोंडाने चाळीस म्हणून आपणच गाव कशाला बुडवा? दरवर्षी हादोंगकरीण तिच्यासाठी समुद्री शेवाळाचं सूप करायची. आई समुद्रापलीकडे, तर वाढदिवसाचं सूप कोणीतरी करायला हवंच, म्हणून. यंदा सूप बंद.

दुसरा ठराव चांगबेच्या डोक्यातून निघाला.

"वरचा आकडा आपल्याला वाढवता येत नाही. बरोबर? मग खालचा कमी करू."

सगळ्यांचे डोळे हळूच हादोंगकरणीकडे वळले.

"माझ्याकडं काय बघता रे मुडद्यांनो? मी अजून दोन पिढ्या बघून जाणार आहे!"

"आजी, मरायचं कोण म्हणतंय?" चांगबे म्हणाला. "माणूस इथंच. नाव तेवढं हलवायचं. माझं नाव बुसानला, पोराच्या पत्त्यावर. तुमचं लेकीकडं. खालचे जितके कमी, तितकं गाव तरुण."

हे सगळ्यांना इतकं पटलं की चांगबेचं अध्यक्षपद आणखी दहा वर्षांसाठी पक्कं झालं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळची बस भरून जाऊ लागली. नाव नव्या पत्त्याच्या कचेरीत जाऊन नोंदवायचं असतं, त्यामुळे कोणी बुसानला, कोणी जिंजूला, कोणी थेट सोलला निघालं. बरोबर पर्सिमनच्या पेट्या, लसणाच्या माळा, आंबवलेल्या कोबीच्या किमचीचे डबे. ड्रायव्हर आरशातून बघून म्हणायचा, "काय आजोबा, कुणाचं लग्न?" पानसू नुसता हसायचा. शेवटच्या सीटवर हल्ली एक टोपीवाला माणूस हातातलं छोटं यंत्र टिकटिक दाबत बसलेला असे. त्यालाही पानसूने एक पर्सिमन दिलं. त्याने ते घेतलं आणि पुन्हा टिकटिक सुरू केली.

पोरांकडे मात्र ठिकठिकाणी तारांबळ उडाली. पानसूच्या सुनेने चांगवनहून सासूला फोन केला.

"आई, बाबा आलेत. हातात पेटी आहे आणि म्हणतात, पत्ता बदलायचाय. तुमचं दोघांचं भांडण झालं का?"

"नाही गं. मीपण येतेय उद्या. माझंही नाव टाकायचंय."

सून कसनुशा आवाजात म्हणाली, "मी मुलांची खोली रिकामी करते."

"खोली नको, जेवायला घाल आणि दुपारच्या गाडीत बसव."

त्या सुनेला इतकं हायसं वाटलं की तिने सासऱ्याला गोमांसाचं जेवण घातलं, शिवाय नवा स्वेटर घेऊन दिला. तीच तऱ्हा घरोघरी. म्हातारी माणसं तृप्त होऊन परतत होती आणि पुढच्या खेपेची कारणं शोधत होती. हादोंगकरीण दोनदा जाऊन आली. पहिल्यांदा ओळखपत्र घरी राहिलं, असं तिचं म्हणणं.

एवढ्या गडबडीत थाओला काहीच कुणी सांगितलं नव्हतं. ती हॉलमध्ये शिरली की बोलणं थांबायचं. ती फावडं उचलायला गेली की चारजण धावून यायचे. बस भरून जाते, भरून येते, आणि कुठे गेला होतात विचारलं तर सगळे आभाळाकडे बघतात.

वाढदिवसाच्या सकाळी ती पानसूच्या दारात येऊन उभी राहिली.

"काका, माझं काही चुकलं का?"

"छे! तुझं काय चुकणार?"

"मग सगळे माझ्यापासून लांब का राहतात? सोळा वर्षांत पहिल्यांदा आजींनी सूप आणलं नाही. आज काय आहे, माहीत आहे ना तुम्हाला?"

मागच्या पुरात याच पोरीने पानसूला ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात नेलं होतं. पण गावाचा ठराव तो गावाचा ठराव.

"आज? आज काहीच नाही. साधा मंगळवार आहे."

थाओ मान लववून परत गेली. पानसूला फार वाईट वाटलं. त्याने समोरची चार पर्सिमन सोलायला घेतली आणि चारही वाकडीतिकडी सोलली.

"लाज वाटते का?" सुन्नामने विचारलं.

"वाटते."

"वाटायलाच पाहिजे."

दुपारी कचेरीतल्या ओ जुहान कारकुनाचा फोन आला.

"गुसाहेब, तुमच्या गावाला झालंय काय? नोंदलेली माणसं उरलीत तीन! सोंगचोल, थाओबाई आणि त्यांची मुलगी."

"मग भागाकार किती आला?" पानसूने आशेने विचारलं.

"येतोय कसला! खाली शून्य आहे. शून्यानं भागता येत नाही. सकाळपासून संगणक लाल अक्षरं दाखवतोय. कामगोल जिल्ह्यातलं सगळ्यात तरुण गाव आहे की गावच नाही, ते इथं कुणालाच ठरवता येईना."

"पण मग बस तर राहिली ना?"

"बसचा आणि त्याचा काय संबंध? तो भागाकार सबंध तालुक्याचा असतो, एका गावाचा कोण करतो? बस ठरते ती किती माणसं चढतात त्यावर. बैठकीत सांगितलं की! पंधरा दिवस आमचा माणूस मोजत बसला होता."

पानसूच्या डोळ्यांसमोर टोपी आली, टिकटिक आली, ते दिलेलं पर्सिमन आलं.

"आणि?"

"आणि तुमची फेरी जिल्ह्यात पहिली! लोकांना उभं राहून जावं लागतंय. बस पक्की."

हसावं की रडावं ते पानसूला कळेना, तेव्हा त्याने दोन्ही थोडं थोडं केलं.

"अजून एक आहे, गुसाहेब. गावप्रमुख त्या गावचा रहिवासी लागतो. तुम्ही आता चांगवनचे."

"म्हणजे?"

"म्हणजे पद गेलं. सोंगचोलला विचारलं, तर तो म्हणाला, मला माइकसमोर घाम फुटतो, बायकोला विचारा. तासाभरापूर्वी बाईंशी बोललो. नावांचं, भागाकाराचं, बसचं सांगितलं; पुढचं त्यांनीच ओळखलं. त्या तयार आहेत. माइक घ्यायला येतीलच."

माइक न्यायला थाओ आलीच. तिचे डोळे लाल होते, पण ओठ हसू दाबत होते. पानसूने जागा करून दिली. तिने त्याच्यासारखीच आधी माइकवर फुंकर मारली, मग त्याच्यासारखाच दोनदा घसा साफ केला. पानसू ओट्यावर येऊन, आयुष्यात पहिल्यांदा, आपल्याच छपरावरचा कर्णा खालून ऐकू लागला.

"ऐका, ऐका. मी थाओ, गावाची प्रमुख. ज्यांनी ज्यांनी नावं हलवलीत, त्यांनी ती परत आणायची. सगळ्यांनी एकदम जायचं नाही. रोज चारचार जणांनी जायचं. महिनाभर बस भरलेली दिसली पाहिजे."

"हुशार आहे पोरगी," सुन्नाम पुटपुटली.

"दुसरं. मला कोबी कापता येतो, फावडंही उचलता येतं. धावून यायची गरज नाही." कर्ण्यातून पुन्हा घसा साफ केल्याचा आवाज आला. "तिसरं. आज मला चाळीस वर्षं झाली. पूर्ण चाळीस. संध्याकाळी सूप मीच करणार आहे, सगळ्यांनी हॉलमध्ये यायचं. जो एकोणचाळीस म्हणेल त्याला मिळणार नाही."

तेवढ्यात रस्त्याने हादोंगकरीण आली. कंबरेत वाकलेली, दोन्ही हातांत झाकलेलं मोठं पातेलं, आणि मागे धापा टाकत चांगबे.

"तिला सांग काही करू नकोस म्हणून!" ती लांबूनच ओरडली. "सूप तयार आहे."

"आजी, ठराव झाला होता ना?" पानसू म्हणाला.

"झाला होता की. पण शेवाळ मी पहाटेच भिजत घातलं. हात ऐकतोय का मेला! दुपारपर्यंत झाकून ठेवलं, शेवटी म्हटलं, जाऊ दे बस, मी चालत जाईन."

थाओ माइक तसाच चालू ठेवून बाहेर धावली. तिने पातेलं घेतलं आणि म्हातारीच्या खांद्यावर डोकं टेकलं. ती काय बोलली आणि किती रडली ते सगळं कर्ण्याने गावभर पोचवलं.

संध्याकाळी हॉलच्या दारात ओगराळं घेऊन नवी गावप्रमुख स्वतः उभी होती. पानसू वाटी पुढे करून रांगेत आला.

"किती, काका?"

"चाळीस," पानसू म्हणाला.

तिने वाटी काठोकाठ भरली.