कोरी बादली

यंदा भीमजयंतीच्या भोजनदानात अन्नाचं एक शीतही वाया जाऊ द्यायचं नाही, असं मी कमिटीच्या बैठकीत बोलून गेलो. (बोलून जाणं हा माझा जुना आजार. ऑफिसात आवक-जावक सांभाळतो, तिथे कोणी बोलू देत नाही.) कमिटीने लगेच उष्ट्याच्या बादलीशेजारची खुर्ची आणि एक माइक माझ्या ताब्यात दिला.

मग मला आणखीच चेव आला. गंजात, म्हणजे स्वयंपाकाच्या मोठ्या पातेल्यात, उरलेली भात-भाजी संध्याकाळी दवाखान्यासमोरच्या धर्मशाळेत, पेशंटांच्या नातेवाइकांना पोचवायची असं ठरवलं. चाळीस जण होते. आज चुली पेटवू नका, असं त्यांना सकाळीच सांगून आलो.

आमच्याकडे वाढणारा आग्रह करतो आणि जेवणारा अर्धं ताट टाकून उठतो, ही रीत. मी आग्रहावर बंदी घातली आणि माइकवरून एकच धोशा लावला: थोडं घ्या, परत घ्या. लोकांनी चक्क ऐकलं. बाहेरगावचे पाहुणे तर परत घेत होते, आणि परत परत घेत होते. कोणी ताटात काही ठेवून उठलं की मी नाव घेऊन चौकशी करायचो, त्यामुळे ताटं धुतल्यासारखी निघत होती. एक गाय बादलीपाशी दोनदा येऊन माझ्याकडे रागाने पाहून गेली.

चार वाजता बादली कोरी. मी छाती फुगवून पुनाराम आचाऱ्याकडे गेलो आणि धर्मशाळेचे डबे भरायला सांगितले.

"काय भरू, महेंद्रभाऊ? गंजबी कोराच हाय," तो म्हणाला. "तुमीच त म्हनत होते, परत घ्या."

चाळीस माणसं माझ्या भरवशावर चूल न पेटवता बसली होती. बायकोला, सरिताला, सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

"चूल पेटवू नका म्हनून काहून सांगतलं जी त्याहिले?"

तिने पदर खोचला, वॉर्डातल्या सहा घरांतून डाळ-तांदूळ गोळा केले आणि त्याच गंजात खिचडी चढवली. मी लाकडं सारत राहिलो. (डोळे धुरानेच भरले होते, असं मी सगळ्यांना सांगितलं.)

दिवेलागणीला धर्मशाळेत ताटं वाढली. उकवा गावच्या शांताबाई लेकाच्या ऑपरेशनसाठी चार दिवसांपासून तिथे होत्या. त्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "उरलेलं इतकं चांगलं हाय, त असल जेवन कसं असन बापा."

खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. सरिता निमूटपणे वाढत होती. तिचा मला इतका अभिमान वाटला की आपण सकाळपासून उपाशी आहोत, हेही विसरलो.

घरी आल्यावर मात्र पोटाने आठवण करून दिली. दिवसभर माइकशिवाय तोंडाजवळ काहीच आलं नव्हतं. सरिताने गंजाच्या बुडाची खरवडलेली, करपलेली खिचडी ताटात वाढली. पहिला घास कसाबसा गिळून मी ताट सारायच्या बेतात होतो, तर ती शेजारी बादली घेऊन बसलेली. तीच, कोरी.

"थोडं घ्या," ती म्हणाली. "परत घ्या."