डोंगराकडे तोंड केलेलं पुलपिट

या, जवळ सरका. लांब बसलात तर गोष्ट निम्मीच पोचेल, आणि या गोष्टीत कोण कुठे बसलं यालाच सगळं महत्त्व आहे.

काबालेच्या डोंगरात आमचं नवं चर्च उभं राहत होतं. छप्पर चढलं होतं, भिंती व्हायच्या होत्या. आत बाकं मांडून झाली होती. राहिलं होतं ते लोखंडी पुलपिट. त्यात उभं राहून पाद्री येरेमिया प्रवचन करणार होते; म्हणजे बोलणार कमी, गाणारच जास्त. रविवारी उद्घाटनाला बिशप येणार होते.

मिस्त्री ब्यामुकामा समितीपुढे छाती काढून म्हणाला, "आधी काँक्रीट ओता, मग त्यालाच भोकं पाडा, हा काय धंदा झाला? शहरातून ड्रिल आणा, विजेची वाट बघा, सहा माणसं चार दिवस बसवून ठेवा! मी पुलपिटाचे बोल्ट आधीच जमिनीच्या सळ्यांत अडकवतो. वरून काँक्रीट. दोन माणसं, एक दुपार."

"आणि चुकलं तर?" समितीचे म्हातारे र्वाबुशेन्या म्हणाले. गावच्या शाळेचं काम कुणाला द्यायचं हे त्यांच्याच हातात होतं, आणि ब्यामुकामाचा सगळा जीव त्या शाळेत अडकला होता.

"चुकेल कशाला, आजोबा? लोहाराने फर्मा दिलाय ना!"

फर्मा म्हणजे चार भोकांची फळी. पुलपिटाच्या एका बाजूचे दोन पाय फाकलेले, दुसऱ्या बाजूचे जवळ जवळ, भोकंही तशीच. पुलपिट अजून लोहाराकडेच होतं, म्हणून त्याने फळीवर कोळशाने बाण काढून दिला होता: तोंड लोकांकडे.

काँक्रीटच्या दिवशी अख्खा गाव घमेली घेऊन आला. जोव्हानिसबाईने सगळ्यांसाठी ज्वारीची पेज केली. ओल्या जमिनीवर हंडा ठेवायचा कुठे? तिला एक छान सपाट फळी दिसली. पेज संपल्यावर तिने ती राखेने घासली, धुतली, वाळवली आणि हसतमुखाने परत आणून दिली.

"बाई, बाण कुठाय?" ब्यामुकामा किंचाळला.

"काळं काहीतरी लागलं होतं ते होय? काढलं की! दुसऱ्याची वस्तू घाण करून परत द्यायची, हे आमच्यात चालत नाही हो."

लोहाराचा फोन बंद. काँक्रीट कालवून तयार. ब्यामुकामाने डोकं चालवलं: पाद्रीबाबा गाताना मागे रेलतात, तेव्हा फाकलेले पाय मागेच असणार. झालं, ठरलं.

पाद्रीबाबा गाताना पुढे झुकतात, हे लोहाराला माहीत होतं, म्हणून फाकलेले पाय त्याने पुढे केले होते.

शनिवारी पुलपिट आलं आणि चारही बोल्टांवर अगदी अलगद बसलं. फक्त तोंड बाकांकडे नव्हतं. मागच्या डोंगराकडे होतं.

र्वाबुशेन्यांनी त्याला एक प्रदक्षिणा घातली. "आता उपदेश कुणाला? बकऱ्यांना?"

ब्यामुकामाने एक बोल्ट हलवून पाहिला.

"अरे, काढ ते बोल्ट!"

"निघायचे नाहीत, आजोबा. सळ्यांत अडकवलेत."

"म्हणजे नेमकं हेच काम पक्कं केलंस!"

"काढायचेच तर..." ब्यामुकामाचा आवाज खोल गेला, "शहरातून ड्रिल, सहा माणसं, चार दिवस."

तेवढ्यात पाद्री येरेमिया पुलपिटात चढले. सवयच ती, त्यांनी एक ओळ गायली. समोरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत रताळी खणणाऱ्या बाया थांबल्या, जिथल्या तिथे बांधावर टेकल्या आणि त्यांनी ध्रुपद उचललं. सगळा डोंगर घुमला.

"बघा, बसायला जागाच जागा," जोव्हानिस म्हणाली. "कुणाचं डोकं कुणाच्या आड नाही."

रविवारी बिशपनी मागची रिकामी बाकं पाहिली, मग समोरचा भरलेला डोंगर पाहिला. "चर्च किती जणांचं बांधलंत?"

"दोनशे," र्वाबुशेन्या पुटपुटले.

"इथे तर सातशे बसलेत! कल्पना कुणाची?"

म्हाताऱ्याने ब्यामुकामाकडे रोखून पाहिलं. ब्यामुकामाने डोळे मिटून घेतले. "या मिस्त्रीची," म्हातारा म्हणाला. "हा बोल्ट आधीच बसवतो. मग मागाहून कुणाचं काही चालत नाही."

शाळेचं काम ब्यामुकामालाच मिळालं. अट एकच: बाण छिन्नीने कोरायचा. हल्ली पाऊस आला की आम्ही मावू तितके पळत छपराखाली येतो आणि पाद्रीबाबांच्या पाठीकडे बघत प्रवचन ऐकतो.

ती फळी अजून जोव्हानिसच्या हंड्याखाली आहे, लख्ख. आज प्रार्थनेला बसाल तेव्हा तिचीही आठवण ठेवा. तिने एक बाण पुसला, आणि आणखी पाचशे जणांना बसायला जागा झाली.