मास्तरांनी वाचवलेलं औषध

मास्तर त्या दिवशी नुसते तोंड मिटून बसले असते तर पुढचं काही घडलंच नसतं, असं त्यांची बायको अजून म्हणते. पण मास्तर पडले शिंपी. दिवसभर दातांत टाचण्या धरून गप्प बसायचं, आणि टाचण्या काढल्या की साठलेलं सगळं एकदम बाहेर. नेमक्या त्या वेळी त्यांच्या तोंडात एकही टाचणी नव्हती.

दुकानाच्या दर्शनी काचेत एक राखाडी कोट टांगलेला असे. दुकान उघडलं त्या दिवशी मास्तरांनी अंगात घातलेला, स्वतः शिवलेला. काजं तेवढी ताईची. ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली, दुकान उघडलं तशी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली आणि तेव्हापासून दुकानातली सगळी काजं-बटणं तिची. मास्तरांचं कटिंग बरं होतं, पण लोक खरे यायचे ते ताईच्या काजांसाठी. हे मास्तरांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

तर समोरचा रेडिमेडवाला आत आला आणि काचेकडे बोट दाखवून म्हणाला, "मास्तर, कोट झकास आहे. पण तुम्हाला बसतो का अजून, की नुसता दाखवायला?"

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. त्यातले एक वकील. तिघांनीही आधी कोटाकडे आणि मग मास्तरांच्या पोटाकडे बघितलं.

"बसतो का म्हणजे?" मास्तर म्हणाले. "तीन महिन्यांनी दुकानाला तीस वर्षं होतायत. त्या दिवशी हाच कोट घालून शटर उघडतो की नाही बघा. एक टाका न उसवता!"

"एक टाका न उसवता," वकिलांनी घोकलं, जणू कागदावर उतरवून घेत होते.

सगळे गेल्यावर मास्तरांनी स्वतःला टेप लावली. कोटापेक्षा पोट सहा इंच पुढे होतं. उसवायचं म्हटलं तर सोपं होतं. त्या काळी मास्तर शिवणीत हात सैल ठेवून कापड दुमडून ठेवायचे, पुढे माणूस अंगाने भरला तर सोडता यावं म्हणून. पण उसवणार नाही हे आपल्याच तोंडाने बोलून बसले होते. मग आठ दिवस चालून झालं, चार दिवस संध्याकाळचं जेवण सोडून झालं. टेप जागची हलली नाही.

अशात एक विमावाले आले. त्यांना पँट चार इंच आत घ्यायची होती. मास्तरांच्या मापाच्या वहीत हे गृहस्थ पंधरा वर्षं फक्त वाढत आले होते.

"केलंत काय तुम्ही?" मास्तरांनी विचारलं.

विमावाले जवळ सरकले. "साखरेचं इंजेक्शन. आठवड्यातून एकदा. भूकच लागत नाही."

"तुम्हाला साखर आहे?"

"छे हो. मेव्हण्याला आहे."

मास्तरांच्या हातातला खडू तिथेच थांबला. कारण तसलंच इंजेक्शनचं पेन त्यांच्या घरी फ्रिजच्या दारात उभं होतं. ताईचं. तिला साखर होती, आणि सुईचं काम करण्यात उभा जन्म गेलेली ही बाई अंगात जाणाऱ्या सुईला इतकी भ्यायची, की दर रविवारी डोळे गच्च मिटून भावापुढे दंड धरायची. पेनाची चकती मास्तर फिरवायचे, दहा वेळा कट्-कट् वाजलं की पुरे, आणि टोचायचेही तेच.

आता शिंप्याच्या धंद्यात एक गोष्ट चालत आलेली आहे. गिऱ्हाइकाने अडीच मीटर कापड दिलं, की हुशार शिंपी कात्री अशी फिरवतो की चार बोटं कापड वाचतं. कोट नीट बसतो, गिऱ्हाईक खूश, आणि वाचलेल्या तुकड्याचे खिसे होतात. ह्याला कोणी चोरी म्हणत नाही, हात म्हणतात. मास्तरांनी औषधाचाही हिशेब त्याच हाताने केला. डॉक्टर लोक जरा जास्तच लिहून देतात. थोडं वाचवलं तर ताईला कळणारही नाही.

पुढच्या रविवारी पेन पाच वेळाच वाजलं.

"आज कमी वाजलं का रे छोट्या?" मिटल्या डोळ्यांनी ताई म्हणाली. मास्तर पंचावन्न वर्षांचे होते, पण ताईचे ते छोट्याच.

"तुझे कान, दुसरं काय," मास्तर म्हणाले. आत जाऊन त्यांनी सुई बदलली आणि उरलेले पाच कट् शर्ट वर करून पोटात घातले.

आणि औषध लागू पडलं की हो. मास्तरांची भूक मेली. भुकेबरोबर बाकीचंही बरंच मेलं. अन्नाचा वास आला तरी पोटात ढवळायला लागलं. एकदा वकिलांच्या काळ्या कोटाचं माप चाललं होतं. टेप छातीभोवती गुंडाळलेली, दोन्ही टोकं मास्तरांच्या मुठीत, आणि वकिलांनी नेमकं विचारलं, "मास्तर, जेवलात का?" एवढं पुरलं. मास्तर मोरीकडे धावले, पण टेप सोडायची राहिली. शेजारच्या हेअर कटिंगवाल्याने पाहिलं ते असं, की मास्तर पुढे, आणि मागून वकील लगाम घातल्यासारखे फरफटत ओढले जातायत.

"छाती किती भरली?" मोरीच्या दारात वकिलांनी विचारलं.

"बेचाळीस," मास्तर म्हणाले आणि पुन्हा वाकले.

बायको काळजीत पडली. पुढ्यातलं ताट तसंच परत जायला लागलं तेव्हा ताईही काळजीत पडली. "हा त्या कोटापायी उपास करतोय," ती भावजयीला म्हणाली. "लहानपणापासून असाच हट्टी." आणि स्वतःच्या वाटचं दूध ती त्याच्यापुढे सरकवायची. मास्तर ते परत सरकवायचे.

दीड महिन्याने ताईची तपासणी झाली. साखर पार वर गेलेली. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून ताईकडे बघितलं. "औषध वेळेवर घेताय ना?"

"दर रविवारी. हाच देतो," ताईने भावाकडे बोट दाखवलं.

"मग खाण्यात काहीतरी चाललंय. खरं सांगा."

"नाही हो, काही नाही."

"सगळे पेशंट हेच म्हणतात. पुढच्या वेळी खाली आली नाही तर रोजची इंजेक्शनं सुरू करायची. दिवसातून तीनदा."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मास्तर ते बोलले नाहीत. त्यांनी काय केलं, तर बहिणीला म्हणाले, "ताई, अगं सांभाळायला नको का?"

घरी येताच बायकोने झडतीच घेतली. ताईच्या उशीखाली बिस्किटांचा पुडा सापडला.

"हे काय, ताई?"

"डॉक्टरीणबाईंनीच ठेवायला सांगितलाय. साखर उतरून चक्कर आली तर असावा म्हणून."

"तुमची उतरतेय कुठे? ती तर चढत चाललीय."

पुडा फोडलेलासुद्धा नव्हता, पण ते बघायला कोणाला वेळ होता? साखरेचा डबा कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं, किल्ली बायकोच्या कमरेला.  मास्तरांनी मनाशी ठरवलं, आता पुरे, पुढच्या रविवारी पुरते दहा. पण पुढच्या रविवारी कोट साडेतीन इंचांवर येऊन ठेपला होता, आणि तारीख जवळ येत होती. पेन पाचच वेळा वाजलं.

मग वकील आले. काळा कोट टेबलावर पसरून त्यांनी काजावर बोट ठेवलं. "मास्तर, हे काज बघा. हे कुठे चाललंय?"

काज तिरकं होतं. खालचं त्याहून तिरकं. तिसऱ्याचे टाके इकडे दाट आणि तिकडे विरळ. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. साखर वाढली की डोळ्यांपुढे धुरकट होतं, हे डॉक्टरीणबाईंनी मास्तरांच्या समोरच सांगितलं होतं. मास्तरांना ते चांगलं आठवलं. पण गिऱ्हाईक समोर उभं होतं आणि कोपऱ्यातून ताई बघत होती.

"ताई, होत नसेल तर सांगत जा ना," मास्तर म्हणाले. "नाव दुकानाचं जातं."

"दोरा नीट दिसेना रे," ताई म्हणाली. "उसवून देते परत."

"राहू दे. काजं मागच्या गल्लीत मशीनवर टाकतो आता."

ताईने सुई गादीत खोचली आणि हात मांडीवर ठेवले. त्यानंतर रोज ती दुकानात यायची, स्टुलावर बसायची आणि रिकाम्या हातांनी रस्त्याकडे बघत राहायची. मास्तर तिच्याकडे पाठ करून कापायला लागले. त्यासाठी त्यांनी टेबलच फिरवून घेतलं होतं.

तारखेच्या आदल्या आठवड्यात ताईने काचेतला कोट मागितला. "धूळ बसलीय त्याच्यावर. झटकून, इस्त्री करून ठेवते. तेवढं तरी जमेल मला."

मास्तरांनी दिला. खरं म्हणजे ते घाबरले होते. टेप अजून अडीच इंच दाखवत होती. श्वास रोखून धरायचा, शटर वर करायचं आणि कोणी बघायच्या आधी आत पळायचं, एवढाच बेत उरला होता.

तो दिवस उजाडला. दुकानासमोर रेडिमेडवाला हजर, वकील हजर, हेअर कटिंगवाला वस्तरा हातात घेऊनच हजर. मास्तरांनी श्वास रोखला, कोट अंगात चढवला, वरचं बटण लावलं, मधलं लावलं, खालचं लावलं. तिन्ही बटणं लागली. श्वास सोडला, तरी लागलेलीच राहिली. एवढंच काय, आत हात जाईल इतकी जागा होती.

"मानलं, मास्तर," रेडिमेडवाला म्हणाला, आणि त्याने खरोखर टाळ्या वाजवल्या.

मास्तरांची मान ताठ झाली. क्षणभर त्यांना वाटलं, औषधाने शेवटच्या आठवड्यात कमाल केली. मग शटरला हात घालायला ते वाकले, तेव्हा पायरीपाशी उभ्या असलेल्या ताईने विचारलं, "काखेत दाटत नाही ना रे?"

शिंप्याला हा प्रश्न पुरतो. मास्तरांचा हात आपोआप बाजूच्या शिवणीवर गेला. त्यांनी पुढची बाजू उलटून अस्तर बघितलं. आत दुमडलेलं तीस वर्षांचं कापड सगळं सोडलेलं होतं, दोन्हीकडे. नवी शिवण हाताची होती. टाके कुठे लांब, कुठे आखूड, मध्येच रेघ सोडून भलतीकडे गेलेले. एका टाक्यापाशी तपकिरी ठिपका होता, बोटात सुई घुसल्याचा.

"तू केलंस?"

"वाकडं गेलंय," ताई हळूच म्हणाली. "दिसत नव्हतं. पण आतल्या बाजूला आहे, कळायचं नाही कोणाला. तू जेवेनास रे. ह्या कोटापायी काही बरंवाईट होईल, म्हटलं. आणि मला तरी दुसरं काय काम होतं?"

मास्तर शटर तसंच सोडून पायरीवरच बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. विमावाले, पाच कट् ताईचे, पाच आपले, डॉक्टरांकडे गप्प बसलो ते, सगळं. रेडिमेडवाला ऐकत होता, वकील ऐकत होते, बायकोही मागे येऊन उभी होती. तिचा हात कमरेच्या किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला.

"तुझी साखर मी वाढवली, ताई. तू नाही."

ताई त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली. मग म्हणाली, "म्हणजे मी खाल्लं नव्हतं?"

"नाही गं."

"मला वाटायला लागलं होतं, मीच उठून खात असेन आणि विसरत असेन. सगळे म्हणतायत तर खरंच असेल. डोकं गेलं आपलं, म्हटलं." तिने पदराने डोळे पुसले. "कोणाला सांगितलं नाही मी."

मास्तरांना जन्मात एवढी लाज वाटली नव्हती. रेडिमेडवाला खाली मान घालून आपल्या दुकानात निघून गेला. वकिलांनी हेअर कटिंगवाल्याला दंडाला धरून बाजूला नेलं.

"मला हवी ती शिक्षा दे," मास्तर म्हणाले.

"आधी तो कोट काढ," ताई म्हणाली. "ओकशील त्याच्यावर."

डॉक्टरीणबाईंनी दोघांचंही रक्त तपासलं आणि मास्तरांना बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांनाही ऐकू जाईल अशा आवाजात झाडलं. "पेन म्हणजे काय पाण्याचा तांब्या आहे, घरात सगळ्यांनी वापरायला? आणि मळमळीवर थांबलं हे नशीब समजा." मास्तर मान खाली घालून ऐकत होते. बिस्किटांचा पुडा बायकोने स्वतःच्या हाताने उशीखाली परत ठेवला.

रोजची सुई टळली. दोन महिन्यांत साखर खाली आली, ताईचे डोळे निवळले आणि मागच्या गल्लीतली काजं परत स्टुलावर आली. मास्तरांचं पोटही परत आलं, सहाच्या सहा इंच. कोट काचेत आहे. कोणी विचारलं तर मास्तर म्हणतात, काजं बघा, ताईची आहेत.

इंजेक्शन अजून तेच देतात. दुसऱ्या कोणाकडे ताई दंड धरतच नाही. रविवारी ती डोळे गच्च मिटते, मास्तर चकती फिरवतात, आणि ती मोठ्याने मोजते. एक, दोन, तीन. स्वयंपाकघरातून बायकोही मोजते. दहा झाले की मास्तर थांबतात, आणि दोघींपैकी कोणीतरी "हं" म्हणेपर्यंत टोचत नाहीत.